मोडणारी मर्सिडीज

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर एक मर्सिडीज कठड्याला धडकली आणि टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले. पुढे बरेच दिवस जो तो एकच प्रश्न विचारत होता: मर्सिडीजमध्ये बसलेला माणूस अपघातात जातोच कसा? त्यामागोमाग ठरलेलं वाक्य यायचं. ‘हल्लीच्या गाड्यांत काही दम नाही. पत्रा बोटाने दाबला तरी आत जातो. आमची अँबेसिडर होती, ती झाडाला ठोकली तरी काही झालं नाही.’

हे बोलणारे बरेचदा चांगले शिकलेले लोक असतात, म्हणून त्याबद्दल नीट लिहायला हवं. मर्सिडीजची ‘मजबूत गाडी’ म्हणून जी कीर्ती आहे, तिचा मोठा भाग गाडीने मोडावं या विचारावर उभा आहे. ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या बलाने मोडावं.

आधी कंपनीबद्दल थोडंसं. कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी मानहाइममध्ये आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन वर्षांनी त्यांच्या पत्नी बेर्टा नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन तशाच एका गाडीने मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या. शंभरेक किलोमीटरच्या त्या प्रवासात ब्रेक झिजले, तेव्हा वाटेतल्या मोच्याकडून त्यांनी ब्रेकवर चामडं ठोकून घेतलं. मोटारीच्या सुरक्षिततेचा इतिहास मी तरी त्या मोच्यापासून मोजतो. तिकडे श्टुटगार्टजवळ कानश्टाटमध्ये गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांचं स्वतंत्र काम चालू होतं. मर्सिडीज हे नाव एमिल येलिनेक या डाइमलरच्या गाड्या विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या मुलीचं. १९२६ मध्ये दोन्ही कंपन्या एक होऊन डाइमलर-बेंझ झाली. आपल्याकडे मर्सिडीजच्या चिन्हातला तारा आधी ट्रकवर आला. १९५४ पासून टाटांची टेल्को डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायची आणि ते ‘टाटा-मर्सिडीज’ जुन्या वाचकांना आठवत असतील. मोटारगाड्यांसाठी कंपनी १९९४ मध्ये पुण्यात आली. आता तिचा कारखाना चाकणला आहे.

मला सांगायचं आहे ते बेला बारेन्यी यांच्याबद्दल. १९०७ मध्ये ऑस्ट्रियात जन्मलेला हा अभियंता १९३९ मध्ये डाइमलर-बेंझमध्ये आला. तुमच्या गाड्यांमध्ये जवळजवळ सगळंच चुकतंय, असं त्याने मुलाखतीतच सांगितल्याची आठवण कंपनीत अजून सांगितली जाते. त्या काळाचं दुसरं चित्रही दडवून चालणार नाही. कंपनी नाझी राजवटीच्या युद्धयंत्रणेचा भाग होती आणि १९४४ मध्ये तिच्या कामगारांपैकी जवळजवळ निम्मे सक्तीने राबवलेले लोक होते: परदेशी नागरिक, युद्धकैदी, छळछावण्यांतले बंदी. मर्सिडीजचा गौरव करताना हे पान उलटून पुढे जाणं मला पटत नाही.

युद्ध संपलं आणि जानेवारी १९५१ मध्ये बारेन्यीने ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यातली कल्पना दोन वाक्यांत मावते. गाडीचा मधला भाग, जिथे माणसं बसतात, तो सर्वात कडक असावा. तिथून पुढच्या आणि मागच्या टोकाकडे जाताना कडकपणा कमी कमी होत जावा. त्या वेळचं सर्वमान्य मत असं की गाडी जितकी कडक तितकी चांगली. बारेन्यीने गाडीऐवजी आतल्या माणसाकडून हिशेब मांडला.

तो हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. एवढ्या वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून, पडणं. वेग शून्यावर येणारच आहे, त्यात तडजोड नाही. आपल्या हातात फक्त किती अंतरात थांबायचं एवढंच उरतं. वेगाचा वर्ग भागिले थांबण्याच्या अंतराची दुप्पट, हे झालं सरासरी मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर. गाडी इतकी कडक असेल की तिचं नाक दहाच सेंटिमीटर दबतं, तर उत्तर येतं गुरुत्व त्वरणाच्या ९८ पट, म्हणजे ९८ जी. नाक साठ सेंटिमीटर दबलं तर १६ जी. धडक तीच, वेग तोच. पहिल्या गाडीत सगळं १४ सहस्रांश सेकंदांत संपतं, दुसरीत ८६ सहस्रांश सेकंद मिळतात. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १९५४ मध्ये स्वतःला पट्ट्यांनी घट्ट बांधून घेऊन रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीत क्षणभर ४६ जी सोसले आणि ते वाचले. १६ जी माणसाच्या आवाक्यात आहेत, ९८ नाहीत.

पण पुढचा भाग नुसता मऊ करून भागत नाही. दीड टनाच्या गाडीत त्या वेगाला सुमारे १४५ किलोजूल गतिज ऊर्जा असते. ती साठ सेंटिमीटरमध्ये संपवायची तर सरासरी सुमारे २५ टन वजनाइतकं बल पूर्ण अंतरभर टिकून राहायला हवं. सुरुवातीला फारच मऊ असलं तर अंतर वाया जातं आणि उरलेली ऊर्जा शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये केबिनवर येते. दबलेल्या अंतरासमोर बल मांडलं तर आदर्श आलेख म्हणजे आयत: बल चटकन ठरलेल्या पातळीला पोचावं आणि तिथेच राहावं. असा आयत पोलादातून काढायचा कसा?

इथे मला या विषयातली सर्वात देखणी गोष्ट दिसते. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी, बंपरपासून केबिनकडे जाणाऱ्या पोकळ चौकोनी नळ्या असतात. अशा नळीला टोकाकडून दाबलं की आधी ती ताठ राहते आणि बल झपाट्याने चढतं. मग तिची भिंत एका जागी फुगते, वाकते, पहिली घडी पडते आणि बल खाली येतं. घडी पूर्ण मिटून पत्र्याला पत्रा टेकला की बल पुन्हा चढतं आणि दुसरी घडी पडते. असं होत होत नळी एकापाठोपाठ एक घड्या घालत आखूड होत जाते आणि बल एका सरासरीभोवती वरखाली होत राहतं. हवा होता तो आयत जवळपास मिळाला. प्रत्येक घडीच्या रेषेवर पोलादाच्या स्फटिकांतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, पुन्हा जागेवर येत नाहीत आणि गाडीच्या गतीची उष्णता होऊन जाते. परत न येणं इथे फार महत्त्वाचं. नळीच्या जागी दणकट स्प्रिंग बसवली असती तर तिने ऊर्जा साठवून परत दिली असती. ताशी ५० ने गेलेली गाडी ताशी १० ने मागे उसळली, तर माणसाच्या वेगात झालेला बदल ५० चा नाही, ६० चा.

नळी घड्या घालण्याऐवजी मधूनच काटकोनात वाकली तर सगळं फसतं, कारण मग एक-दोन ठिकाणीच पोलाद काम करतं. म्हणून तिच्या पुढच्या टोकाला मुद्दाम खाचा किंवा दबलेल्या रेघा ठेवतात. पहिली घडी तिथेच पडते आणि सुरुवातीचं बलाचं शिखरही छाटलं जातं. आता जाड पत्र्याचं बघू. चौकोनी नळीच्या सिद्धांतानुसार घड्या घालण्याचं सरासरी बल भिंतीच्या जाडीच्या पाच-तृतीयांश घातानुसार वाढतं. जाडी दुप्पट केली की बल तिपटीहून जास्त. ते बल गाडीपाशी थांबत नाही, सीटबेल्टमधून तुमच्या छातीवर येतं. शिवाय आपण बोटाने दाबून पाहतो तो दाराचा किंवा बोनेटचा बाहेरचा पत्रा मुख्य भार घेतच नाही. भार घेणारा सांगाडा आत असतो, आणि केबिनभोवतीच्या खांबांत तर साध्या पोलादाच्या कित्येक पट ताकदीचं, तापवून साच्यात दाबलेलं पोलाद असतं.

डोक्याचा हिशेब याहून कठोर आहे. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांमधून हे लक्षात आलं की कवटी आणि मेंदू जास्त त्वरण अगदी थोडा वेळ सोसतात आणि कमी त्वरण जरा जास्त वेळ. त्यावरून ‘हेड इंज्युरी क्रायटेरियन’ हा निर्देशांक आला. एखाद्या कालखंडातलं डोक्याचं सरासरी त्वरण जी मध्ये घ्यायचं, त्याचा अडीचावा घात करायचा आणि त्याला त्या कालखंडाने गुणायचं. असे सगळे कालखंड तपासून सर्वात मोठं उत्तर धरायचं. कालखंड जास्तीत जास्त १५ सहस्रांश सेकंदांचा धरला तर अमेरिकी नियमांत मर्यादा ७०० आहे. अडीचावा घात असल्यामुळे तेवढ्याच वेळासाठी त्वरण दुप्पट झालं तर निर्देशांक साडेपाच पटींहून अधिक वाढतो. त्वरणाच्या आलेखातला एक छोटासा सुळका कापण्यासाठी अभियंते वर्षानुवर्षं का झटतात, ते यातून कळतं.

बारेन्यीची कल्पना पूर्णपणे उतरलेली पहिली गाडी १९५९ मध्ये आली, मागे माशाच्या परासारखी टोकं असलेली डब्ल्यू १११. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिंडेलफिंगेनच्या कारखान्यात कंपनीने गाडी मुद्दाम आदळून पाहायला सुरुवात केली. पुढे गाडीला वेग देण्यासाठी तिच्यामागे गरम पाण्याचं रॉकेट जोडायचे. उकळणबिंदूच्या कितीतरी वर तापवलेलं, दाबाखालचं पाणी सोडलं की वाफेच्या झोताने गाडी भिंतीकडे सुटायची. आणि १९५९ मध्येच व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा तीन बिंदूंचा सीटबेल्ट स्वीडनमध्ये गाड्यांत बसू लागला. हे दोन शोध एकाच वर्षी रस्त्यावर आले हा योगायोग, पण एकावाचून दुसरा अर्धा आहे.

कारण क्रम्पल झोन, म्हणजे घड्या पडत दबणारा गाडीचा भाग, गाडीला साठ सेंटिमीटर देतो, माणसाला नाही. बेल्ट न लावलेला माणूस गाडी थांबत असतानाही ताशी ५० ने पुढे जातच राहतो आणि थांबलेल्या डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटवर पाचेक सेंटिमीटरमध्ये थांबतो. म्हणजे जवळजवळ २०० जी. हापूसच्या पेटीत पेंढा गच्च भरलेला असेल तरच पेटी आपटल्यावर आंबा वाचतो. सुटा आंबा आतल्या फळीवर आपटतोच, पेटी कितीही चांगली असो. पालघरच्या अपघातात पुढच्या सीटवरचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. मागच्या सीटवर बेल्ट लावणं आपल्या कायद्यात तेव्हाही सक्तीचं होतं. आणि जे आईवडील बाळाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसतात, त्यांनी एवढं करून पाहावं: दहा किलोचं बाळ गुणिले १६. एकशेसाठ किलोचा झटका हातांनी धरता येत नाही, आईच्या हातांनीसुद्धा नाही.

अँबेसिडरवाल्यांना एका चाचणीबद्दल सांगायला हवं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने १९५९ ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरले मॅलिबू ताशी सुमारे ६४ किलोमीटरने समोरासमोर, थोड्या एका बाजूने आदळवल्या. लांबलचक, भारदस्त बेल एअरची केबिन कोसळली. तिच्यातला चालक वाचला नसता, मॅलिबूतल्याला पायाला दुखापत झाली असती. अपघातानंतर जुनी गाडी शाबूत दिसायची हे खरं असेल, पण आतल्या माणसाचं काय झालं तेही विचारावं. याच समजुतीपोटी लोक पुढे लोखंडी क्रॅश गार्ड लावून घेत आणि धडकेचं बल घड्यांना टाळून थेट सांगाड्यात घालत. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये त्यावर बंदी आणली. नवी गाडी आणल्यावर चाकाखाली लिंबू फोडतात, बंपरला मिरच्या बांधतात, आणि सीटबेल्टचा अलार्म वाजू नये म्हणून खोटी क्लिप विकत घेतात. न्यूटनचे नियम लिंबाला ओळखत नाहीत. ती क्लिप मात्र जीव घेऊ शकते.

मर्सिडीजच्या कीर्तीला तडेही गेले. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मासिकाच्या चाचणीत, अचानक समोर आलेला अडथळा चुकवताना तिची छोटी ए-क्लास उलटली. कंपनीने गाड्यांची विक्री थांबवली आणि घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा त्या छोट्या गाडीतही सरसकट बसवली. डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचण्या फसवल्याच्या आरोपांच्या प्रकरणात २०२० मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणांशी सुमारे दीड अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. पहिल्या चुकीतून निदान सगळ्यांच्या फायद्याचं काही निघालं, दुसरीचं समर्थन करता येणार नाही. म्हणून बोनेटवरचा तारा पाहून विश्वास टाकण्यापेक्षा चाचण्यांचे निकाल वाचावेत. मात्र चाचणीत सुरक्षेचे तारे किती मिळाले एवढंच सांगणाऱ्या जाहिराती, ती धडक किती वेगाची होती ते क्वचितच सांगतात.

आणि वेगाचा तर वर्ग होतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. ऊर्जा ५० च्या मानाने पावणेसहा पट. ब्रेक न लागता त्या वेगाने काँक्रीटवर थेट आदळलं, तर साठ सेंटिमीटरच्या त्याच क्रम्पल झोनसह सरासरी ९४ जी येतात, म्हणजे ५० च्या वेगात दहाच सेंटिमीटर दबणाऱ्या कडक गाडीइतकेच जवळजवळ. ते पुन्हा १६ वर आणायचे तर बोनेट साडेतीन मीटर दबावं लागेल, आणि एवढं लांब बोनेट चाकणमध्येही बनत नाही, सिंडेलफिंगेनमध्येही नाही.