फुकटच्या वंशावळीचं बिल कोण भरतं?

पूर्वजांचा शोध घेणारी अमेरिकी मंडळी इंटरनेटवर फार लवकर आली. १९८७ मध्येच त्यांची ‘रूट्स-एल’ ही ईमेल-यादी, म्हणजे एकाचं पत्र सगळ्या सदस्यांना पोचवणारी सोय, सुरू झाली होती. कॅरेन आयझॅक्सन यांनी तिथल्या लोकांकडून आडनावांची सूची जमवली. आडनाव, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, घराणं कुठून कुठे गेलं आणि शोधणारा कोण, एवढीच माहिती. दूरच्या दोन अनोळखी भाऊबंदांची गाठ पडायला तेवढी पुरे होती.

१९९६ मध्ये आयझॅक्सन आणि ब्रायन लेव्हरिच यांनी ‘रूट्सवेब’ हे वंशावळीचं संकेतस्थळ उभारलं. ते स्वतःला ‘सहकारी संस्था’ म्हणवत असे. त्याच वर्षी केंटकीतून ‘यूएसजेनवेब’ची चळवळ निघाली. थडग्यांवरचे लेख, मृत्युपत्रं, जनगणनेची पानं स्वयंसेवक एकेका काउंटीसाठी, म्हणजे जिल्ह्यासाठी, टंकून देऊ लागले आणि त्यातलं बरंचसं रूट्सवेबच्या सर्व्हरवर चढू लागलं.

मजकूर फुकट येत होता, पण डिस्क आणि इंटरनेटच्या जोडणीला पैसे पडत. त्यासाठी वापरणाऱ्यांनाच ऐच्छिक वर्गणीचं आवाहन केलं जाई. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला डोंगरात फ्रेझियर पार्क नावाचं गाव आहे, तिथल्या पोस्ट-बॉक्सवर चेक धाडायचा. न देणाऱ्यालाही सगळं खुलंच.

वर्गणी आपल्याला नवी नाही. आपल्याकडचे कितीतरी कुलवृत्तांत कुलबंधूंच्या पैशांवरच छापले गेले. पण पुस्तक एकदा छापून झालं की खर्च संपतो. सर्व्हरचं बिल दर महिन्याला येतं, आणि काम जितकं लोकप्रिय तितकं ते फुगतं. माझ्या मते खरी अडचण इथेच होती, लोकांच्या कंजूषपणात नाही.

जून २००० मध्ये ‘मायफॅमिली डॉट कॉम’ने, म्हणजे पुढे ‘ॲन्सेस्ट्री’ नावाने ओळखल्या गेलेल्या वंशावळीच्या कंपनीने, रूट्सवेब विकत घेतलं. वापर फुकटच राहिला. मालकी मात्र कंपनीची झाली. स्वयंसेवकांनी टंकलेल्या पानांचं आता काय होणार, ही धास्ती तेव्हापासूनची. २०१७ च्या अखेरीस सुमारे तीन लाख खात्यांचे तपशील उघडे पडल्याचं कळल्यावर रूट्सवेब काही काळ बंद ठेवावं लागलं. २०२० मध्ये ईमेल-याद्याही थांबल्या.

१९९८ साली सुरू झालेल्या ब्रिटनच्या ‘फ्रीबीएमडी’ या स्वयंसेवी उपक्रमाने निराळी वाट धरली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह आणि मृत्यूंची सरकारी नोंदणी आहे. तिच्या तिमाही सूचींमधली नाव, जिल्हा, खंड आणि पान ही नोंद स्वयंसेवक टंकतात. खातरजमेसाठी तेच पान दुसराही टंकतो. दाखला हवा तर तो सरकारकडूनच विकत घ्यायचा. पुढे या उपक्रमाची नोंद धर्मादाय संस्था म्हणून झाली. ‘फ्रीरेग’ (चर्चच्या नोंदवह्या) आणि ‘फ्रीसेन’ (जनगणना) या भावंडांसह आज तो ‘फ्री यूके जीनिऑलॉजी’ या छत्राखाली आहे आणि लोकांकडे अजूनही देणगी मागतो.