घरचा सर्व्हर की भाड्याचा? मुंबईतल्या एका निवडीची पार्श्वभूमी

मित्रांसोबत माइनक्राफ्ट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळण्यासाठी घरातल्या जुन्या संगणकावर सर्व्हर चालवावा, की महिन्याचे भाडे भरून तो दुसरीकडे घ्यावा, हा प्रश्न बहुधा पैशांचा मानला जातो. मुंबईपुरते पाहिले, तर त्याचे उत्तर वेळोवेळी बदलले ते मात्र वेगळ्याच दोन गोष्टींमुळे: भाड्याचे यंत्र शहरापासून किती दूर आहे, आणि घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता आहे की नाही.

डिसेंबर 1993 मध्ये आलेल्या डूम या खेळात सर्व्हर असा नव्हताच. प्रत्येक संगणक आपली हालचाल इतर सर्वांना थेट कळवत असे. 1996 च्या क्वेक या खेळाने एका संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, पंचाची जागा दिली. गोळी लागली की नाही, हे तोच ठरवणार आणि बाकीच्यांनी ते मानायचे. हा पंच खेळाडूंपासून वेगळ्या यंत्रावरही बसू शकत होता, त्यामुळे तो कोणाच्या घरी ठेवायचा हा प्रश्न तिथूनच सुरू झाला. 1998 च्या हाफ-लाइफने आणि त्यातूनच घडलेल्या काउंटर-स्ट्राइकने हीच रचना पुढे चालवली.

विदेश संचार निगमाने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा मुंबई पहिल्या शहरांत होती; पण फोनची लाइन अडवून मिनिटांवर पैसे मोजणाऱ्या डायल-अपवर घरून सर्व्हर चालवणे कोणाला परवडणार? शहरातले पहिले सर्व्हर म्हणूनच सायबर कॅफेच्या कोपऱ्यातल्या एखाद्या संगणकावर, लॅनपुरते, म्हणजे त्याच जागेतल्या संगणकांच्या जाळ्यापुरते चालत. पुढे केबलवाल्यांनी गच्च्यांवरून तारा नेऊन इमारती जोडल्या, आणि काही ठिकाणी अख्खी गल्ली एका नेटवर्कवर आली. त्या काळातला पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) आजही अनेकांना मिळत नाही.

2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने 256 केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) ही किमान गती ठरवली आणि 2005 मध्ये एमटीएनएल या सरकारी टेलिफोन कंपनीचे ट्रायबँड आले. फोनच्या तारेवरूनच इंटरनेट देणाऱ्या त्याच्या एडीएसएल तंत्रात अपलोड मुळातच अरुंद असते, आणि सर्व्हरला लागते नेमके तेच. 256 केबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला 32 किलोबाइट. एका खेळाडूला 4 किलोबाइट धरले, तर आठ जणांत रस्ता भरला. तरीही घरच्या सर्व्हरला अर्थ होता, कारण भाड्याची यंत्रे बहुधा सिंगापूर, युरोप किंवा अमेरिकेत असत. काचतंतूत प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. सिंगापूर सरळ रेषेत सुमारे 3,900 किलोमीटर, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यातच 39 मिलिसेकंद, आणि प्रत्यक्ष मार्ग सरळ नसल्याने त्याहून अधिक. (ज्याच्या घरी सर्व्हर, त्याला लॅग (खेळातला उशीर) जवळजवळ शून्य, यावरून झालेली भांडणे वेगळीच.)

घरच्या सर्व्हरचा पाया खचला तो पत्त्यांच्या टंचाईमुळे. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत, आयपीव्ही4 मध्ये, एकूण पत्ते सुमारे 430 कोटी. फेब्रुवारी 2011 मध्ये जागतिक साठा वाटून संपला आणि एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागही शेवटच्या राखीव गटावर आला. मग इंटरनेट सेवादाते अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवू लागले. याला सीजी-नॅट म्हणतात, आणि त्यासाठी 2012 मध्ये 100.64 ते 100.127 या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते राखून ठेवण्यात आले. अशा जोडणीवर राउटरमध्ये 25565 हे पोर्ट (माइनक्राफ्ट सर्व्हरचे नेहमीचे दार) कितीही अचूक फॉरवर्ड केले, म्हणजे सर्व्हरकडे वळवले, तरी बाहेरून कोणी आत पोहोचत नाही. माझे दोन रविवार यातच गेले. राउटरच्या पानावर 100.72 ने सुरू होणारा पत्ता दिसला, तेव्हा दोष माझ्या मांडणीचा नव्हता हे उमगले. सरळ उपाय होता जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा सार्वजनिक पत्ता घेणे, आणि तो धरला की घरचा सर्व्हर फुकटचा राहत नाही.

जून 2016 मध्ये अ‍ॅमेझॉनने आणि 2017 मध्ये गुगलने मुंबईत क्लाउड केंद्रे सुरू केली, शिवाय नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर वाढत गेली. मुलुंडच्या खेळाडूला भाड्याचा सर्व्हर आता खाडीपुलापलीकडे मिळू शकतो. अंतराचा जुना फायदा तिथेच संपला, अर्थात सेवादाता इतरांशी इंटरनेट वाहतुकीची देवाणघेवाण मुंबईतच करत असेल तर. देशातली वाहतूक बाहेरून वळसा घालू नये म्हणूनच 2003 मध्ये निक्सी ही सेवादात्यांना देशातच जोडणारी संस्था स्थापन झाली होती.

विजेचा हिशेबही घराच्या बाजूने फारसा झुकत नाही. 100 वॉट खाणारा संगणक अहोरात्र चालला, तर महिन्याला 72 युनिट होतात, आणि घरातल्या इतर वापरात ते मिळून 100 युनिटांच्या वर गेले, की दराचा वरचा टप्पा लागतो. वीज जाण्याची भीती मुंबईत कमी, तरी 12 ऑक्टोबर 2020 रोजी जवळजवळ सारे शहर अंधारात गेले होते.

आयपीव्ही6 या नव्या पत्तापद्धतीमुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला पुन्हा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. मात्र राउटरची फायरवॉल बाहेरून येणारी जोडणी बहुधा आधीच अडवते, आणि समोरच्या मित्राकडेही आयपीव्ही6 असावे लागते. एकाकडे नसले, की त्या एकासाठी सगळा गट पुन्हा भाड्याच्या सर्व्हरकडे वळतो.