खान्देशातले शिलालेख आणि स्मृतिफलक

देऊळ-मठ कोणी बांधला, कोण कुठे पुरलाय, पेठ कोणी वसवली हे दगडावर कोरून ठेवायची रीत खान्देशात म्हणजे धुळे, जळगाव आणि नंदुरबारकडे फार जुनी. पण सगळे दगड सारखं बोलत नाहीत.

सगळ्यात बोलका लेख चाळीसगावजवळ पाटणचा, पाटणादेवीचा. साल साधारण 1207. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि तिथल्या निकुंभ राजाने त्याला दान दिलं, हे त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाडांनी 19व्या शतकात तो उजेडात आणला. लेख बराचसा संस्कृत, पण शेवटचा भाग मराठीत आणि खरी मजा तिथेच, कारण तिथे थेट बाजाराचा हिशेब लागतो, पाटणात जो माल विकायला येईल त्यावरचा गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिलाय, आणि जेवढे तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल. मठाचा खर्च कुठून चालायचा हे इतकं सरळ सांगणारी पाटी आज कुठल्या संस्थेच्या दारावर दिसते सांगा.

पुढे तापीकाठी थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, घराण्याचा पहिला पुरुष मलिक राजा 1399 मध्ये वारला तो तिथलाच. इंग्रजांच्या काळातलं थडगं बघायचं तर भुसावळ. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला काढण्यात ज्याची वर्षानुवर्षं गेली तो मेजर रॉबर्ट गिल 1879 मध्ये वारला आणि भुसावळच्या जुन्या गोऱ्यांच्या कब्रस्तानात त्याला पुरलं. त्याची प्रेयसी पारो हिची कबर मात्र घाट चढून अजिंठा गावात.

धुळ्याची गोष्ट वेगळी. 1818 ला इंग्रजी अंमल आला, कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचं ठाणं इथे आणलं, तेव्हा वस्ती जेमतेम अडीच हजार. मग बऱ्हाणपूरहून वगैरे व्यापारी बोलावले, पक्कं घर बांधणाऱ्याला जागा फुकट दिली, आणि गाव वाढलं. माझ्या मते गावात एक फलक लावायचाच तर तो या बऱ्हाणपूरकरांचा लावावा, साहेबांची नावं काय कागदोपत्री राहतातच, चाळीसगाव-कन्नडच्या घाटाला तर अजून औट्रमचं नाव आहे!

नंदुरबारचं स्मारक मात्र लोक आपणहून जपतात, 9 सप्टेंबर 1942 ला गोळीबारात गेलेल्या शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांचं.

जुना लेख वाचायचा तर अभ्यासक ठसा घेतात, दगड धुवायचा, ओला कागद चिकटवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचेत बसवायचा आणि वरून शाई, मग अक्षरं पांढरी उठतात. शेंदराचे थर किंवा ऑइलपेंट बसला असेल तर खाचाच बुजतात आणि ठसा काही उठत नाही. गावच्या वीरगळांचं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचं, सहसा हेच होतं, जत्रा आली की हौसेने रंग लावतात.