पिनार देल रिओ (प्रांत, क्युबा)

क्युबाच्या पश्चिम टोकाचा शेतीप्रधान प्रांत. प्रांताचे याच नावाचे मुख्य शहर देशाची राजधानी हवाना हिच्यापासून सुमारे 160 किमी अंतरावर आहे. जगातील सर्वांत महागड्या सिगारांची पाने ज्या ‘वुएल्ता आबाहो’ पट्ट्यात पिकतात, तो पट्टा याच प्रांतात येतो.

प्रांताच्या मध्यातून ग्वानिग्वानिको डोंगररांग जाते. तिच्या पश्चिमेकडील भागाला सिएर्रा दे लोस ऑर्गानोस म्हणतात. तेथे चुनखडी विरघळून मागे उरलेल्या, उभ्या कड्यांच्या सुट्या टेकड्या दिसतात. त्यांना ‘मोगोते’ म्हणतात. त्यांच्यामधील विन्यालेस खोरे 1999 पासून जागतिक वारसा यादीत आहे. चुनखडीमुळे गुहाही भरपूर. सांतो तोमास गुहाजाळे 40 किमीहून लांब आहे. दक्षिणेला सपाट मैदान, मग पाणथळ किनारा. अगदी पश्चिमेला ग्वानाहाकाबिबेस द्वीपकल्प विरळ वस्तीचा आणि जंगलाचा आहे.

स्पॅनिश काळात हा भाग हवानापासून तुटलेलाच राहिला. 1717 मध्ये स्पेनने तंबाखूवर सरकारी मक्ता लादला, तो 1817 मध्ये उठला; त्यानंतर येथील लागवड झपाट्याने वाढली. स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात बंडखोर सेनानी आंतोनियो मासेओची फौज जानेवारी 1896 मध्ये मांतुआला पोचली, म्हणजे बंड बेटाच्या पूर्वेकडून पश्चिम टोकापर्यंत आले. 1962 मध्ये क्युबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी झालेल्या पेचप्रसंगात क्रांतिनेता चे गेव्हाराने आपले मुख्यालय येथील पोर्तालेस गुहेत ठेवले होते. 2011 मध्ये पूर्वेकडील तीन तालुके नव्या आर्तेमिसा प्रांतात गेले.

तंबाखूची उत्तम जमीन सान लुइस आणि सान हुआन इ मार्तिनेस येथे आहे : वालुकामय, हलकी, निचऱ्याची. बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक दाणे मावतात, म्हणून थेट पेरणी होत नाही. वाफ्यात सुमारे 45 दिवस वाढलेली रोपे ऑक्टोबरपासून शेतात लावतात, कारण पुढचा काळ कोरडा आणि थंड असतो. कळी दिसताच शेंडा खुडतात. मग पानांच्या बगलेतून फुटवे येतात, तेही वारंवार काढावे लागतात, नाहीतर पाने बारीक राहतात. (निपाणी भागातील तंबाखूवाल्यांना हे काम नवे नाही.) सिगारच्या बाहेरच्या वेष्टनाची पाने पातळ आणि डागरहित हवीत, म्हणून ते पीक पांढऱ्या जाळीदार कापडाखाली घेतात, आत भरायची पाने उघड्या उन्हात वाढतात. तोडणी खालून वर, एका वेळी दोन-तीन पाने, मध्ये काही दिवस सोडून. जितके वरचे पान, तितके ते कडक.

वाळवणीची लाकडी घरे पूर्व-पश्चिम बांधतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन फक्त अरुंद बाजूंवर पडते. ओवलेली पाने काठ्यांवर टांगून साधारण 50 दिवस ठेवतात. हवा फार कोरडी झाली तर पान हिरवट राहून वाळते, फार दमट झाली तर बुरशी धरते. त्यामुळे दारे-खिडक्यांची उघडझाप हेच खरे कौशल्य. पुढे ढीग रचून पाने आंबवतात. पहिल्या आंबवणीत ढिगाचे तापमान 35 अंश सेल्सिअसपलीकडे जाऊ लागले, तर ढीग मोडून पुन्हा रचतात.

जमीन पुष्कळ अंशी लहान खातेदारांकडे आहे. 1963 च्या दुसऱ्या जमीन सुधारणा कायद्याने खासगी धारणेची कमाल मर्यादा सुमारे 67 हेक्टर ठरवली. ग्राहक मात्र एकच, सरकार. पिकाचा बहुतेक भाग ठरलेल्या दराने त्यालाच द्यावा लागतो आणि खत, इंधन व कापडही त्याच्याच वाटपातून येते. वाटप उशिरा आले की हंगाम घसरतो. 1979-80 मध्ये ‘निळी बुरशी’ या तंबाखूच्या रोगाने देशभरचे बहुतेक पीक बुडवले. त्यानंतर रोगप्रतिकारक वाणांवर भर आला.

चक्रीवादळे लावणीच्या अगोदर येतात, त्यामुळे शेतातील पिकापेक्षा फटका वाळवणीच्या घरांना आणि आत साठवलेल्या मालाला बसतो. 2008 मध्ये गुस्ताव आणि आयक लागोपाठ आली. 27 सप्टेंबर 2022 रोजी इयान ला कोलोमाजवळ किनाऱ्यावर आदळले आणि वाळवणीची हजारो घरे पाडली. छप्पर नसेल तर लावणी उरकूनही उपयोग नाही, पाने टांगायची कुठे? म्हणून पुढच्या हंगामात अनेकांनी लागवडच कमी केली.

तंबाखूखालोखाल भात, मासेमारी आणि विन्यालेसमधील पर्यटन आहे. मातांब्रेची तांब्याची खाण 1997 मध्ये बंद पडली. रानटी लहान पेरूंपासून बनणारे ‘ग्वायाबिता’ हे मद्य पिनार देल रिओ शहरात 1892 पासून तयार होते.