मिनेसोटात बर्फावरच्या फिश हाउसमध्ये मद्यपान: परवाने, वयाची अट, कागदपत्रे आणि कायदा

हिवाळ्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले तलाव गोठले की त्यांच्यावर छोट्या वस्त्या उभ्या राहतात. मिल लॅक्स, लेक ऑफ द वूड्स अशा मोठ्या तलावांवर फिश हाउसच्या, म्हणजे बर्फावर बसून मासे धरायच्या छोट्या घरांच्या, ओळीच लागतात. आत हीटर, बाकडी, कधी झोपायला बंक, तळाला भोकं आणि त्यांतून खाली सोडलेले गळ. ट्विन सिटीजमधली, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांतली, मराठी मंडळीही शनिवार-रविवारसाठी अशी घरं भाड्याने घेतात, भारतातून आलेल्या आई-बाबांना हौसेने नेतात. सोबत बिअर न्यायची ठरली की प्रश्न निघतो, हे कायद्याने चालतं का?

चालतं. वयाची २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाने फिश हाउसमध्ये बसून मद्य पिणं हा मिनेसोटात गुन्हा नाही आणि त्यासाठी कुठे अर्जही करावा लागत नाही. काही शहरं आणि उद्यान मंडळं आपल्या हद्दीतल्या तलावांसाठी वेगळे नियम करतात, त्यामुळे शहरी उद्यानातल्या तलावावर जाणार असाल तर तिथला फलक आधी वाचा. खरा धोका सुरू होतो तो दार उघडून बाहेर पडल्यावर, गाडीच्या किल्लीपाशी. कागदपत्रांचं आधी उरकून घेऊ आणि मग त्या किल्लीकडे वळू.

कशासाठी परवाना लागतो, कशासाठी नाही

महाराष्ट्रातून आलेल्यांना मद्यसेवनाचा परवाना ठाऊक असतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तो आजही लागतो. मिनेसोटात पिणाऱ्याला असा वैयक्तिक परवाना नसतो, फक्त वयाचा पुरावा लागतो. पाहुण्या आई-बाबांसाठी पासपोर्ट जवळ ठेवा. केस पांढरे असले तरी दुकानदार ओळखपत्र मागू शकतो. रविवारी मद्याची दुकानं उघडी ठेवायला २०१७ पासून परवानगी आहे, पण वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ६ एवढीच. किराणा दुकानातली बिअर सौम्य, ३.२ टक्क्यांची असते.

परवाना लागतो तो मासेमारीचा. राज्याचं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं, म्हणजे सगळे ज्याला डीएनआर म्हणतात ते, हा परवाना देतं. १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला तो लागतो. गळ एकाच्या नावाचा आणि हातात दुसऱ्याच्या, असं चालत नाही. आई-बाबा नुसते बसून बघणार असतील तर त्यांना परवान्याची गरज नाही. त्यांनी गळ हातात धरला की गरज आहे, आणि तो राज्याच्या रहिवासी नसलेल्यांसाठीचा घ्यायचा. थोड्या दिवसांचे परवानेही मिळतात, पाहुण्यांना तेच सोयीचे.

रहिवाशाचा परवाना स्वस्त पडतो. त्यासाठी राज्यात सलग किमान ६० दिवस वास्तव्य हवं आणि मिनेसोटाचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र हवं. अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात. ज्यांच्याकडे तो नाही, उदाहरणार्थ एच-४ व्हिसावरचे (एच-१बी नोकरी-व्हिसाधारकांचे) काही जोडीदार, त्यांनी ऑनलाइन अर्जाशी झगडण्यापेक्षा पासपोर्ट घेऊन परवाना विकणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर जावं. तलावाजवळच्या आमिषाच्या दुकानांत आणि खेळसाहित्याच्या मोठ्या दुकानांत हे काउंटर असतात. विद्यार्थ्यांसाठी एक तरतूद फारशी कुणाला माहीत नसते. परराज्यातला असला, तरी मिनेसोटातल्या शिक्षणसंस्थेत पूर्णवेळ शिकणारा आणि शैक्षणिक वर्षात इथेच राहणारा विद्यार्थी तसा पुरावा दाखवून रहिवाशाच्या दरात मासेमारीचा परवाना घेऊ शकतो.

परवान्याचं वर्ष १ मार्चला सुरू होतं आणि फेब्रुवारीअखेर संपतं. गेल्या उन्हाळ्यात घेतलेला वार्षिक परवाना जानेवारीत चालतो, मार्चच्या पहिल्या शनिवारी चालत नाही. घरात १५ वर्षांपर्यंतची मुलं असतील तर जानेवारीच्या मध्याला एक खास वीकेंड असतो, त्यात मुलांना सोबत घेऊन जाणाऱ्या मिनेसोटाच्या रहिवाशांना परवाना माफ असतो. बर्फावर माणशी दोन गळ टाकता येतात.

फिश हाउसचा वेगळा परवाना

रिसॉर्टकडून भाड्याने घेतलेल्या घराचा परवाना मालकाचा असतो, ती चिंता तुमची नाही. स्वतःचं घर असेल तर घडीचं आहे की पक्कं, यावर सगळं ठरतं. उघडून, दुमडून नेता येणाऱ्या तंबूला परवाना तेव्हाच लागतो जेव्हा तुम्ही तो सोडून २०० फुटांपेक्षा दूर जाता. पक्क्या घराला परवान्याचा टॅग हवाच. बाहेरच्या बाजूला मालकाचं पूर्ण नाव-पत्ता, ड्रायव्हिंग लायसन्स क्रमांक किंवा डीएनआरचा ग्राहक क्रमांक, यांपैकी काहीतरी किमान २ इंच उंच अक्षरांत लिहावं लागतं. रात्री बर्फावर राहणाऱ्या घराच्या प्रत्येक बाजूला प्रकाश परावर्तित करणारी पट्टी लावायची. दुसऱ्याच्या घरापासून १० फुटांच्या आत आपलं घर लावायचं नाही. आत माणसं असताना दार बाहेरून उघडता आलं पाहिजे, हाही कायदाच आहे. मद्य घेऊन झोपणाऱ्या मंडळींसाठी हा नियम जीव वाचवणारा आहे, आतून कडी घालून घेऊ नका.

अधिकाऱ्याने दार वाजवलं तर

डीएनआरचे कॉन्झर्वेशन ऑफिसर तलावावर फिरतात आणि परवाने, गळांची संख्या, पकडलेले मासे तपासतात. २००२ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की फिश हाउसमध्ये बसलेल्या माणसाला खासगीपणाचा हक्क आहे. वॉरंट, संमती किंवा गुन्ह्याचं सबळ कारण नसताना अधिकाऱ्याने आत शिरणं घटनाबाह्य ठरलं. म्हणून आज अधिकारी आधी दार वाजवतो. शांतपणे बाहेर या आणि परवाने दाखवा. हातात बिअरचा कॅन असणं ही लपवण्यासारखी गोष्ट नाही. लपवाछपवीची धडपडच उलट संशय वाढवते.

किल्ली

हा भाग कृपा करून पूर्ण वाचा.

तलावाच्या बर्फावर रस्ता नाही, सिग्नल नाही, पाट्या नाहीत. त्यामुळे इथे रस्त्यावरचा कायदा लागू होत नाही, असा समज आपल्या लोकांत फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. नशेत वाहन चालवण्याचा कायदा, ज्याला इथे डीडब्ल्यूआय म्हणतात, तो राज्यात सगळीकडे लागू आहे, गोठलेल्या तलावावरसुद्धा. कार, पिकअप, स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी स्कूटरसारखी गाडी), एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी छोटी चारचाकी), सगळ्यांना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ च. त्याहून कमी असूनही वाहनावर ताबा नसल्याचं दिसलं तर गुन्हा होऊ शकतो. चाचणीला नकार देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पहिल्या साध्या गुन्ह्यालाही ९० दिवसांपर्यंत कैद आणि १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आकडा ०.१६ किंवा त्याहून वर गेला, किंवा गाडीत १६ वर्षांखालचं मूल असलं, तर कलम आणखी जड होतं.

आणि गाडी चालवावी लागतेच असं नाही. कायद्यात 'वाहन प्रत्यक्ष ताब्यात असणं' एवढंही पुरेसं धरलंय. २०१० मध्ये याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीत झोपलेल्या माणसाची शिक्षा कायम केली. आता तलावावरचं चित्र डोळ्यांसमोर आणा. घरात चार पेग झालेत, हीटर नीट चालत नाही, थंडी उणे वीस, म्हणून कुणीतरी पिकअपमध्ये जाऊन इंजिन सुरू करून बसतो. त्याचा इरादा फक्त ऊब घेण्याचा असतो. कायद्याच्या नजरेत मात्र तो किल्ली हातात घेऊन स्टिअरिंगमागे बसलेला, प्यायलेला माणूस आहे.

जानेवारी २०१८ मध्ये चिसागो लेकवर एक कुटुंब फिश हाउस उभारत असताना नशेतल्या स्नोमोबाइलस्वाराने त्यांना धडक दिली. त्यात आठ वर्षांचा मुलगा गेला. त्या स्वाराचा कार चालवायचा परवाना आधीच्या डीडब्ल्यूआयमुळे रद्द झालेला होता, पण तेव्हाच्या कायद्यात अशा माणसाला स्नोमोबाइल चालवायची मुभा राहत होती. त्याच वर्षी ही पळवाट बंद करणारा कायदा झाला. मुलाच्या नावावरून त्याला लिटल ॲलन्स लॉ म्हणतात. आता कोणत्याही वाहनावरचा डीडब्ल्यूआय असो, कारसोबत स्नोमोबाइल, एटीव्ही आणि मोटरबोट चालवायचा हक्कही जातो.

आपल्यापैकी बरेच जण एच-१बी, एफ-१ किंवा एल-१ या नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असतात. त्यांच्यासाठी याहून मोठी गोष्ट म्हणजे व्हिसा. नोव्हेंबर २०१५ पासून अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या सूचनांनुसार, नशेत वाहन चालवल्याबद्दल गेल्या पाच वर्षांत अटक झालेली असेल तर व्हिसा खबरदारी म्हणून रद्द करता येतो. गुन्हा शाबित होण्याची वाट पाहिली जात नाही. पुढे मुंबईत व्हिसा शिक्का घ्यायला गेल्यावर डीएस-१६० अर्जात अटकेबद्दल विचारतात, वैद्यकीय तपासणीलाही पाठवतात. तलावावरच्या एका रात्रीपायी नोकरी, मुलांची शाळा, घर, सगळंच टांगणीला लागतं. त्यामुळे न पिणारा चालक निघण्याआधीच नक्की करा आणि किल्ल्या त्याच्याकडेच द्या. तसा कुणी नसेल तर बंक असलेलं घर घ्या आणि सकाळी उशिरा निघा.

२१ पेक्षा लहान मुलं

गोव्यात १८ वर्षांची अट आहे, महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक मद्याला २५. इथे सगळ्यालाच २१. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सोबत असेल तर त्याला एक घोटही देऊ नका. देणाऱ्यावर होणारा गुन्हा पिणाऱ्यापेक्षा जड असतो. आई-वडिलांच्या संमतीने पिण्याची सवलत कायद्यात आहे, पण ती आई-वडिलांच्या स्वतःच्या घरापुरती. भाड्याच्या फिश हाउसमध्ये ती गृहीत धरू नका.

बाटल्या नेताना-आणताना

उघडलेली बाटली गाडीच्या प्रवासी भागात असणं रस्त्यावर गुन्हा आहे, मग चालक प्यायलेला नसला तरी. ग्लोव्ह बॉक्सही प्रवासी भागातच मोडतो. उरलेली रम किंवा अर्धी वाइन डिकीत ठेवा. डिकी नसेल तर माणसं बसत नाहीत अशा मागच्या जागेत ठेवा, आणि हे बर्फावरून निघतानाच करा, म्हणजे किनारा चढून रस्त्याला लागल्यावर थांबावं लागणार नाही.

रिकामे कॅन बर्फावर ठेवायचे नाहीत, 'जाताना उचलू' म्हणूनही नाहीत. २०२३ च्या कायद्याने कचरा घराला किंवा वाहनाला पक्क्या लावलेल्या डब्यात-पिशवीत ठेवणं बंधनकारक केलं. न ठेवल्यास १०० डॉलर दंड आहे. वितळणाऱ्या बर्फाबरोबर ते कॅन पाण्यातच जातात, हे वेगळं सांगायला नको.

मद्याने अंग गरम वाटतं, पण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची आतली ऊब बाहेर जात असते. बंद घरात गॅसचा हीटर असेल तर कार्बन मोनॉक्साइडची डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी नशेसारखीच भासते आणि कुणी मनावर घेत नाही. बॅटरीवरचा डिटेक्टर न्या आणि एक खिडकी किलकिली ठेवा.

लेक ऑफ द वूड्सचा मोठा भाग कॅनडात आहे. मिनेसोटाचा मासेमारी परवाना आणि मद्याबद्दलची ही मुभा सरहद्दीवर संपते. ऑन्टारिओत वयाची अट १९ आहे, पण तिथे मद्य घर, परवानाप्राप्त ठिकाण किंवा खासगी जागेतच पिता येतं, आणि बर्फावरची झोपडी त्यात बसते का, हा प्रश्न प्रत्येक वेळी तपासावा लागतो. पलीकडे जाणार असाल तर तिथल्या पोलिसांच्या सूचना वाचूनच निघा.