दहा हजार तास आणि एक अंश

दहा हजार तास सराव केला की कोणीही कोणत्याही क्षेत्रात अव्वल होऊ शकतो, हे विधान 2008 मध्ये एका लोकप्रिय पुस्तकामुळे जगभर पसरले आणि आज ते व्यवस्थापनाच्या व्याख्यानांपासून पालकांच्या सभांपर्यंत सर्वत्र सिद्ध नियमाच्या थाटात ऐकवले जाते. हौशी गोल्फ खेळाडूला या विधानाचे विशेष आकर्षण वाटते, कारण या खेळात धावायचे नसते, प्रतिस्पर्धी अंगावर येत नाही आणि चेंडूसुद्धा जागच्या जागी स्थिर असतो. मग चिकाटी धरली तर व्यावसायिकांच्या बरोबरीला पोहोचण्यात अडचण ती कोणती? अडचण आहे, आणि तिचे मूळ आपल्या मज्जासंस्थेच्या घडणीत आहे. माझ्या मते ती घडण दहा हजार तासांच्या नियमापेक्षा कितीतरी अधिक विलक्षण आहे.

या नियमाची परीक्षा एका माणसाने स्वतःवर घेतली. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात छायाचित्रकार असलेल्या डॅन मॅकलॉफ्लिन याने 2010 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, नोकरी सोडली आणि गोल्फचा अनुभव जवळजवळ नसताना दहा हजार तासांचा शिस्तबद्ध सराव करून व्यावसायिक स्पर्धांपर्यंत जाण्याचा संकल्प केला. सुमारे सहा हजार तास झाल्यावर, 2015 मध्ये, पाठीच्या दुखापतीने त्याला थांबवले. तोवर त्याचा हँडिकॅप 2.6 पर्यंत खाली आला होता. हँडिकॅप म्हणजे खेळाडू चांगल्या दिवशी मैदानाच्या ठरावीक फटक्यांपेक्षा साधारण किती फटके जास्त घेतो याचे माप. अमेरिकेतील नोंदणीकृत पुरुष खेळाडूंची सरासरी चौदाच्या आसपास असते हे लक्षात घेतले, तर 2.6 ही मोठी कमाई आहे. मात्र अव्वल व्यावसायिकांचे माप घेतले तर ते शून्याच्याही पलीकडे, पाच-सहा फटक्यांनी सरस भरते. म्हणजे एका फेरीत आठेक फटक्यांचा आणि चार फेऱ्यांच्या स्पर्धेत तीसएक फटक्यांचा फरक उरतो, आणि अशा स्पर्धांचे निकाल अनेकदा एका-दोन फटक्यांवर लागतात.

मूळ संशोधनात दहा हजार हा उंबरठा कधीच नव्हता. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वोत्तम गटाने वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेल्या सरावाची सरासरी दहा हजार तासांच्या घरात भरली होती. ती सरासरी होती. शिवाय ते विद्यार्थी अकादमीच्या प्रवेशाच्या चाळणीतून आधीच निवडले गेलेले होते. आपल्या निष्कर्षांचा असा सरधोपट नियम करण्याला खुद्द एरिक्सन यांनीही आक्षेप घेतला होता. गोबे आणि कांपितेली यांनी 2007 मध्ये अर्जेंटिनातील बुद्धिबळपटूंचा अभ्यास केला, तेव्हा मास्टर दर्जा गाठायला कोणाला तीन हजार तास पुरले होते, तर कोणाला तेवीस हजारांहून अधिक लागले होते. एवढ्या विस्ताराच्या आकड्यांतून एकच आकडा उचलून त्याला नियम म्हणणे विज्ञानाला धरून नाही.

मग सरावाने नेमके काय साधते? ते पाहण्याआधी, साधायचे काय आहे ते मोजून घेऊ. क्लबफेस, म्हणजे क्लबची (गोल्फच्या काठीची) चेंडूला भिडणारी बाजू, आणि चेंडू यांचा संपर्क सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे बहुतांशी त्या क्षणीच्या क्लबफेसच्या कोनावर ठरते. अडीचशे मीटरच्या फटक्यात दिशा एका अंशाने चुकली, तर सरळ रेषेच्या हिशेबानेच चेंडू सुमारे 4.4 मीटर बाजूला जातो आणि तिरक्या फिरकीने ही चूक आणखी वाढते. आता असे पाहा, की खाली येताना क्लबफेस फिरतही असतो आणि आघाताच्या वेळी हा वेग सेकंदाला दोन-तीन हजार अंश असू शकतो. याचा अर्थ, वेळ सेकंदाच्या अवघ्या दोन हजाराव्या भागाने चुकली तरी कोन एका अंशाने चुकतो. चेतापेशीतून जाणारा एक विद्युत्-संदेशच मुळी सेकंदाचा सुमारे हजारावा भाग टिकतो. थोडक्यात, आवश्यक अचूकता ही ती साधणाऱ्या यंत्रणेच्या मूलभूत संदेशाहूनही लहान आहे, आणि तरीही माणसे हा फटका मारतात. हे कसे शक्य होते, हा प्रश्न मला गोल्फमधील सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो.

पाहून दुरुस्ती करणे हा मार्ग येथे बंद असतो. क्लब वरून खाली येऊन चेंडूला भिडेपर्यंत सेकंदाचा जेमतेम पाव भाग जातो, आणि डोळ्यांनी टिपलेल्या चुकीनुसार हाताची हालचाल बदलायला त्यातला बराचसा काळ लागतो. त्यामुळे फटका आधीच रचून ठेवावा लागतो. कोणत्या स्नायूला कोणता आदेश दिला असता क्लब कोठे पोहोचेल, याचे भाकीत करणारे एक प्रतिमान मज्जासंस्थेला बाळगावे लागते, आणि ते घडवण्यात मोठा वाटा असतो मेंदूच्या मागील बाजूस असलेल्या अनुमस्तिष्काचा.

अनुमस्तिष्कातील पर्किंजे पेशींची जोडणी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. अशा प्रत्येक पेशीला लाख-दीड लाख समांतर तंतू येऊन भेटतात. शरीराची स्थिती, दिलेले आदेश, स्नायूंचा ताण अशी माहिती त्यांच्यामार्फत येते. याउलट, आरोही तंतू मात्र प्रत्येक पेशीला एकच मिळतो. डेव्हिड मार यांनी 1969 मध्ये आणि जेम्स अल्बस यांनी 1971 मध्ये असे सिद्धान्त मांडले, की हा एकुलता एक तंतू शिक्षकाचे काम करतो. अल्बस यांच्या मांडणीनुसार तो चूक झाल्याचा संदेश आणतो आणि त्या क्षणी जे समांतर तंतू सक्रिय असतील त्यांचे त्या पेशीशी असलेले जोड क्षीण होतात. जोड असे खरोखर क्षीण होतात हे मासाओ इतो यांनी 1982 मध्ये प्रयोगाने दाखवले. पुढील संशोधनात या चित्रात बरीच भर पडली आहे, तरी त्याचा गाभा टिकून आहे. ज्याला आपण सैलपणे ‘स्नायूंची स्मृती’ म्हणतो, ती अशा लक्षावधी जोडांमध्ये असते. फटक्याचे कौशल्य स्नायू लक्षात ठेवत नाहीत.

यातून निघणारी एक गोष्ट हौशी खेळाडूने फार गांभीर्याने घ्यावी अशी आहे. ही यंत्रणा किती तास गेले ते मोजत नाही, तिला चूक झाल्याचा संदेश लागतो. नेम न ठरवता मारलेल्या शंभर चेंडूंतून तो जवळजवळ मिळतच नाही, कारण अपेक्षाच नसेल तर अपेक्षाभंगही होत नाही.

प्रतिमान कितीही अचूक झाले, तरी आदेश पाळणारे स्नायू पूर्णपणे आज्ञाधारक नसतात. एक प्रेरक चेतापेशी आणि तिच्या हुकमातील स्नायुतंतू यांचा मिळून एक गट होतो, त्याला प्रेरक एकक म्हणतात. बळ वाढवताना मज्जासंस्था आधी लहान एकके कामाला लावते आणि मग क्रमाक्रमाने मोठी. सुट्या नाण्यांनी रक्कम पैपर्यंत चुकती करता येते, पण हाती केवळ मोठ्या नोटा असतील तर थोडे कमी किंवा थोडे जास्तच द्यावे लागते; स्नायूंचेही तसेच आहे. जितके बळ अधिक, तितकी त्यातील अनियमित थरथर मोठी. हॅरिस आणि वोल्पर्ट यांनी 1998 मध्ये दाखवले, की आदेशाबरोबर वाढणारी ही थरथर, म्हणजे यंत्रणेतला गोंगाट, शक्य तितका कमी राखणे एवढे एकच उद्दिष्ट मानले, तरी माणसाच्या डोळ्यांच्या व हातांच्या हालचालींची अनेक वैशिष्ट्ये आपोआप स्पष्ट होतात.

गोंगाट नाहीसा करता येत नाही, पण तो निरुपद्रवी दिशेला वळवता येतो. निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली छायाचित्रांनी मोजल्या. त्यात हातोड्याचा मार्ग बराचसा स्थिर होता, परंतु खांदा, कोपर आणि मनगट यांचे कोन प्रत्येक घावाला वेगळे भरत होते. खांद्याची चूक कोपर सांभाळून घेत होते, कोपराची मनगट. ‘पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती’ असे त्याने सरावाचे वर्णन केले आहे. तयार गोल्फपटूचे शरीरही हेच करते, म्हणून त्याचा स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची हालचाल, दर वेळी हुबेहूब सारखा असण्याची गरजच नसते; अनेक लहान चुका एकमेकींना छेदून जाव्यात आणि क्लबफेसपर्यंत थोडीच शिल्लक उरावी, एवढेच पुरेसे असते. मघाच्या अशक्यप्राय वाटणाऱ्या अचूकतेचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

पण ही शिल्लक सर्वांच्या बाबतीत सारखी नसते. हॅमिल्टन, जोन्स आणि वोल्पर्ट यांनी 2004 मध्ये दाखवले, की तेवढेच बळ लावताना सशक्त स्नायूत चढउतार कमी होतो, कारण तो आपल्या क्षमतेचा लहानसा हिस्साच वापरत असतो. गोल्फमध्ये याला फार महत्त्व आहे. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक स्पर्धांतील लक्षावधी फटक्यांचे विश्लेषण केले, तेव्हा उत्तम आणि साधारण खेळाडूंमधील फरकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडच्या लांब फटक्यांतून आलेला आढळला. पटिंगचा, म्हणजे भोकाजवळच्या हिरवळीवर चेंडू हलकेच घरंगळवण्याचा, वाटा सुमारे पंधरा टक्केच निघाला. व्यावसायिक पुरुषांच्या क्लबहेडचा, म्हणजे क्लबच्या चेंडूला भिडणाऱ्या टोकाचा, वेग ताशी 180 किलोमीटरच्या पुढे असतो, तर सरासरी हौशी पुरुषाचा 150 च्या आसपास. हौशी खेळाडूने ताकद लावून तेवढा वेग गाठायचा म्हटले तर तो आपल्या क्षमतेच्या टोकाला जातो, म्हणजे नेमका गोंगाट सर्वाधिक असतो त्या पट्ट्यात. शरीराची ठेवण, स्नायूंची घडण आणि लहानपणापासूनची वाढ यांतून आलेला हा फरक व्यायामाने कमी होतो, पण प्रत्येकाच्या बाबतीत तो पूर्ण मिटेल असे मानायला आधार नाही.

आकडेवारीही याच दिशेने बोट दाखवते. ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी खेळांवरील अनेक अभ्यास एकत्र करून 2016 मध्ये असा निष्कर्ष मांडला, की खेळाडूंच्या कामगिरीतील तफावतीपैकी सुमारे 18 टक्के भाग हेतुपूर्वक केलेल्या सरावाने स्पष्ट होतो आणि केवळ अव्वल खेळाडूंचा विचार केला तर अवघा एक टक्का. यावरून सराव निरुपयोगी आहे असे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. अव्वल स्तरावर सर्वांनीच भरपूर सराव केलेला असतो, त्यामुळे त्यांच्यातील फरक सरावावरून सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

येथे मला एका गोष्टीवर स्पष्ट बोलायचे आहे. जिथे यंत्रणा अवघड असते तिथे तोडगे विकणारे पोहोचतात, आणि गोल्फमध्ये चुंबकी कडी व ऊर्जेचे पट्टे यांचा व्यापार मोठा आहे. समतोल वाढवणारे होलोग्रामचे रबरी कडे विकणाऱ्या एका कंपनीला 2010 मध्ये ऑस्ट्रेलियात, आपल्या दाव्यांना विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावा नाही, असे जाहीरपणे मान्य करावे लागले. त्याच वर्षी जर्मन संशोधकांचा एक प्रयोग गाजला: ‘हा चेंडू शुभ आहे’ असे सांगितल्यावर लोकांचे पटिंग सुधारले, असा त्याचा निष्कर्ष होता. 2014 मध्ये अधिक लोकांना घेऊन तो प्रयोग पुन्हा केला गेला, तेव्हा परिणाम दिसला नाही. पहिला निष्कर्ष आजही आवडीने सांगितला जातो आणि दुसरा क्वचितच, हे मला क्लेशकारक वाटते.

जे खरोखर उपयोगी पडते ते कमी आकर्षक आहे. शी आणि मॉर्गन यांनी 1979 मध्ये दाखवले, की हातांच्या वेगवेगळ्या हालचाली, आधी एक पुरती घोटून मग दुसरी, अशा क्रमाने शिकणारे सरावाच्या वेळी पुढे दिसतात, पण त्याच हालचाली सरमिसळ करून शिकणारे पुढे घेतलेल्या चाचणीत सरस ठरतात. सरावाच्या मैदानावर एकाच क्लबने एकाच दिशेला मारलेले पन्नास चेंडू म्हणूनच फसवे असतात: विसाव्या चेंडूनंतर फटके सुरेख बसू लागतात, कारण नवे काही रचावेच लागत नाही. त्याऐवजी प्रत्येक चेंडूला क्लब आणि लक्ष्य बदलावे, चेंडू कोठे पडेल ते मारण्यापूर्वी मनाशी निश्चित करावे, आणि तो प्रत्यक्षात त्या जागेपासून किती व कोणत्या बाजूला पडला ते पाहिल्याशिवाय पुढच्या चेंडूला हात घालू नये. असा सराव संथ चालतो, त्यात फटके जास्त चुकतात आणि तासाभरात माणूस थकतो.