पथनाट्य, छोटे नाटक ग्रुप आणि पैशाचा प्रश्न: थोडी पार्श्वभूमी

सामाजिक विषयावर नाटकं करणारे छोटे ग्रुप पैसे आणतात कुठून हा प्रश्न जुनाच आहे, पण आज तो जिथे येऊन अडकलाय ते समजायचं तर 'पथनाट्य' या एका शब्दाचं गेल्या पस्तीसेक वर्षांत काय झालं ते बघायला लागतं. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, लाल बावट्याचं कलापथक, म्हणजे गाण्यानाटकांतून चळवळीचा विचार गावोगाव नेणारे जुने ग्रुप, त्यांच्या इतिहासात इथे जात नाही. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवायची, त्या सगळ्यांच्या मागे चळवळ उभी होती. जेवण कुणाच्या तरी घरी, मुक्काम कार्यकर्त्याकडे, प्रवासाला वर्गणी. ग्रुपला स्वतःचं बजेट असं काही लागायचंच नाही.

सत्तरच्या दशकात वेगळी वाट निघाली. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नाटकं व्हायला लागली, मोठ्या थिएटरचं भाडं नाही, भपकेबाज सेट नाही, त्यामुळे व्यावसायिकवाले हात लावणार नाहीत असे विषय तिथे आले. प्रेक्षक मात्र ठरलेलाच, नाटकवेडा, शहरी. गावात, वस्तीत जायचं काम दुसऱ्यांनी केलं, १९८३ मध्ये मुलीच्या जन्मावरचं एक गाण्यांनी भरलेलं नाटक बायकांच्या एका संघटनेने काढलं आणि ते महाराष्ट्रभर फिरलं. त्यातल्या बहुतेक जणींनी त्याआधी कधी स्टेजवर पाऊल ठेवलं नव्हतं, तरी बायका येऊन रडायच्या, बोलायच्या. मला हे छबिलदासइतकंच मोठं काम वाटतं, त्यावर लिहिलं मात्र कमी जातं.

मग १९८९. १ जानेवारीला दिल्लीजवळच्या साहिबाबादपाशी झंडापूरमध्ये कामगारांसमोर पथनाट्य चालू असताना हल्ला झाला, ग्रुपचा प्रमुख सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी वारला, आणि ४ जानेवारीला तोच ग्रुप, त्याच्या पत्नीसकट, त्याच जागी परत गेला आणि अर्धं राहिलेलं नाटक पूर्ण केलं. हाश्मीचा वाढदिवस १२ एप्रिल, तो तेव्हापासून पथनाट्य दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडच्या कॉलेजातल्या कितीतरी पोरांनी त्यानंतर डफ हातात घेतला. तेव्हा पथनाट्य म्हणजे सरळ सरळ कुणाला तरी जाब विचारणं, आणि शेवटी झोळी फिरवायची, त्यात जमेल तो एसटीचा खर्च.

शब्दाचा गुंता सुरू होतो तो साधारण याच काळात. साक्षरता मिशन १९८८ चं, त्याच्या कलाजथा, म्हणजे गाणी-नाटकं करत फिरणारे जथे, गावोगाव फिरल्या, आणि त्यात जीव ओतून काम केलेले लोक आजही भेटतात, ते काम खोटं नव्हतं. पुढे एड्स, पल्स पोलिओ, २००० नंतर ग्रामस्वच्छता अभियान, मग मतदार जागृती. प्रत्येक योजनेत 'पथनाट्य सादरीकरण' अशी एक ओळ आली, प्रयोगामागे ठराविक रक्कम, फोटो जोडायचे, सरपंचाचा सही-शिक्का आणायचा, मग बिल. २०१४ पासून सीएसआर आला, ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामाला द्यायचे, मग त्यांच्याकडूनही पथनाट्याची मागणी यायला लागली.

हे काम घ्यायचं की नाही यावरून ग्रुप फुटलेत. घेणाऱ्यांचं म्हणणं सोपं आहे, पोरांना मानधन मिळतं, ढोलकीवाल्याला फुकट किती दिवस बोलवणार, आणि प्रेक्षक तर तोच आहे ना, चौकातला. न घेणारे म्हणतात स्क्रिप्ट ऑफिसमधून पास होऊन येते तिथेच नाटक संपतं. मला दुसरी बाजू जास्त पटते. दारूचंच घ्या. नवरा पितो, बायको समजावते, तो सुधारतो, टाळ्या. एवढं पास होतं. पण त्या गावात दुकानाला परवाना कुणी दिला, आडवी बाटली करायला, म्हणजे मतदानाने ते दुकान बंद पाडायला, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी ५० टक्क्यांच्या वर मतं लागतात, फक्त आलेल्यांच्या नाही, हा नियम बायकांना किती जड जातो, हे नाटकात आणलं की ऑफिसला ते 'विषयाला सोडून' वाटतं. खरं तर विषय तोच आहे. त्याच वेळी हेही मान्य करायला हवं की नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी दुसरा पगार येत होता.

झालं असं की आता पथनाट्य म्हटलं की लोकांना आधी ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे आठवतात, म्हणून जाब विचारणारे ग्रुप हा शब्दच टाळायला लागलेत, नुसतं 'नाटक' म्हणतात आणि चौकातून छोट्या हॉलमध्ये, लायब्ररीत, कुणाच्या तरी गच्चीवर गेलेत. तिकीट लावतात किंवा शेवटी पैसे टाकायला डबा ठेवतात. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही, पण छोट्या ग्रुपची अडचण टॅक्सची नाहीच, पन्नास-साठ खुर्च्यांत हॉलचं भाडं आणि प्रवास निघायची मारामार असते. कोविडमध्ये तर नाट्यगृहं २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली तीही अर्ध्या क्षमतेने, आणि तोवर तालमीची जागा, माणसं, सगळंच विस्कटलं होतं. त्यानंतर दोन-तीन पात्रांची, एका बॅगेत मावणारी नाटकं वाढलेली दिसतात. त्यातले काही ग्रुप आठवडाभर योजनेची पथनाट्यं करतात आणि त्याच पैशातून रविवारी स्वतःचं नाटक लावतात, तिथे परवान्याचा सीन असतो.